पिशवीनंतर आता रक्त

रक्ताची एक नळी द्या, कॅन्सर दिसायच्या आधी कळेल. मुंबई-बंगळुरूत हा माल बाजारात आला आहे. वाटूर फाट्यावर त्याचा फ्लेक्स लागायला किती दिवस लागतील? जालना, परतूर, मंठा, तिन्हीकडच्या गाड्या जिथे थांबतात त्याहून चांगली जागा जाहिरातवाल्याला कुठे मिळणार?

शिबिर भरेल. सवलतीचं पॅकेज असेल. ‘महिलांसाठी खास’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल. बायका रांगेत उभ्या राहतील, कारण कॅन्सर म्हटलं की मराठवाड्यातल्या बाईच्या पोटात गोळा येतो. ही भीती कोणी पेरली, ते पुढे येईलच.

आधी विज्ञान. ते खोटं नाही.

आपल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. तुकडा साधारण १६७ अक्षरांचा, आणि तास-दोन तासांत त्यांतले निम्मे शरीर साफ करून टाकतं. गाठीच्या पेशीही मरतात, त्यांचेही तुकडे त्यात मिसळतात. १९९७ साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भार बाईच्या रक्तात बाळाचा डीएनए शोधून दाखवला आणि हा रस्ता मोकळा झाला. गर्भारपणात बाळाचा वाटा शेकडा दहाच्या आसपास असतो. लहानशा गाठीचा वाटा बहुतेकदा हजारात एकसुद्धा नसतो.

म्हणजे गाठ जितकी लवकर पकडायची, तितका तिचा माग पुसट. तपासणी नेमकी हवी तेव्हाच अधू.

नळीसुद्धा कुठलीही चालत नाही. साध्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए सांडतो आणि गाठीचा जो काही कण होता तो त्या गर्दीत हरवतो. म्हणून पेशी फुटू न देणारं रसायन घातलेली खास नळी लागते. ती पुरती भरावी लागते, हलकेच उलटसुलट करून मिसळावी लागते, उन्हापासून जपावी लागते. वाटूरहून जालना, जालन्याहून पुढे मुंबई नाहीतर बंगळुरू. तेही मे महिन्यात. वाटेत त्या नळीचं काय झालं हे अहवालावर छापून येतं का?

आता आकडे. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘कॅन्सरसीक’ नावाची रक्ततपासणी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी पकडीचा आकडा होता ९८ टक्के. जगभर बातम्या झाल्या. त्याच लेखात आणखी एक आकडा होता: आठ प्रकारचे कॅन्सर मिळून, पहिल्या टप्प्यातली पकड ४३ टक्के.

बातमी कोणत्या आकड्याची झाली, हे सांगायला हवं का?

आणि त्या १,००५ रुग्णांचं निदान आधीच झालेलं होतं. दवाखान्यात असलेल्या रुग्णात कॅन्सर शोधणं आणि कापूस वेचणाऱ्या धडधाकट बाईत शोधणं, ही दोन कामं एक कशी?

त्याच विद्यापीठातल्या व्हिक्टर व्हेलकुलेस्कू यांच्या गटाने २०२४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. तुकडे कुठे तुटतात याची ठेवण वाचायची आणि तिला सीए-१२५ व एचई-४ या दोन प्रथिनांची जोड द्यायची. अंडाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यातल्या दहापैकी सातेक रुग्ण सापडल्या. हे मनापासून स्वागत करावं असं काम आहे. पण ते काही शे बायकांच्या नमुन्यांवर झालं आहे, आणि प्रयोगशाळेतल्या नमुन्यापासून गावातल्या बाईपर्यंत वाट मोठी आहे.

बाजाराला मात्र तेवढा धीर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रिलायन्सच्या मालकीच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसने ‘कॅन्सरस्पॉट’ बाजारात आणली. रक्तातल्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा वाचून अनेक कॅन्सरांचा अंदाज देणारी ही तपासणी. अशा कोणत्याही तपासणीला, मग ती कोणत्याही कंपनीची असो, विचारायचा प्रश्न एकच. ही तपासणी करून घेतलेल्या बायका, न केलेल्या बायकांपेक्षा कमी मेल्या का?

अंडाशयाच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर जगातल्या एकाही रक्ततपासणीने हे अजून दाखवलेलं नाही.

एकीनेही नाही.

प्रयत्न कमी झाले म्हणून? छे. सीए-१२५ हे प्रथिन १९८१ सालापासून माहीत आहे. ब्रिटनमध्ये इयन जेकब्स आणि उषा मेनन यांनी २००१ पासून दोन लाखांवर बायका जमवल्या, पाळी गेलेल्या, ५० ते ७४ वयाच्या. काहींचं दरवर्षी रक्त तपासलं, काहींची सोनोग्राफी केली, निम्म्यांना तसंच सोडलं. २०२१ मध्ये निकाल लागला. रक्त तपासलेल्या गटात पहिल्या टप्प्यातले रुग्ण खरोखर जास्त सापडले.

मृत्यू तेवढेच झाले.

हे वाक्य नीट वाचावं. लवकर सापडलं आणि तरी जीव वाचला नाही. कारण हा आजार गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसारखा एका जागी वर्षानुवर्षं बसून राहणारा नाही. त्याचा सर्वांत जहाल आणि सर्वांत जास्त दिसणारा प्रकार बहुतेकदा अंडाशयात सुरूच होत नाही. तो गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो आणि गाठ तिळाएवढी असतानाच पोटभर पेशी विखुरू शकतो. सोनोग्राफीत अंडाशय स्वच्छ दिसतं तेव्हा तो दुसरीकडे पोहोचलेला असू शकतो.

‘लवकर निदान म्हणजे जीवदान’ ही घोषणा प्रत्येक कॅन्सरला लागू पडत नाही. फ्लेक्सवर हे कोण लिहील?

अमेरिकेतलं उदाहरण जास्त बोचणारं आहे. तिथे ७८ हजारांवर बायकांची मोठी चाचणी झाली, २०११ मध्ये निकाल आला. तपासणीत संशय आला पण कॅन्सर नव्हता, अशा ३,२८५ बायका. त्यांतल्या १,०८० जणींच्या पोटावर सुरी फिरली. त्यांतल्या १६३ जणींना शस्त्रक्रियेने गंभीर त्रास झाला. आणि मृत्यू? तपासलेल्या गटात ११८, न तपासलेल्या गटात १००.

कॅन्सर नसलेल्या एक हजार ऐंशी बायका. तेही अमेरिकेत, नामांकित केंद्रांत, सगळी देखरेख असताना.

हिशेब साधा आहे, पाटीवर करता येईल. पन्नाशीपुढच्या एक लाख बायका घेऊ. वर्षभरात त्यांतल्या वीस-पंचवीस जणींना हा आजार होईल असं धरू. तपासणी फार चांगली आहे, निरोगी शंभरांत फक्त एकीला चुकून ‘संशयित’ म्हणते. तरी एक हजार निरोगी बायकांच्या हातात संशयाचा कागद पडला. खऱ्या रुग्णांपैकी सापडल्या पंधरा-सोळा. त्या हजारांतल्या पंधरा कोणत्या, हे त्या कागदावरून कळत नाही.

उरलेल्या हजार जणींचं काय करणार? ‘काही नसेल, घरी जा’ असं सांगण्याची हिंमत किती डॉक्टर दाखवतील? आणि ते ऐकून किती नवरे गप्प बसतील?

इथे मराठवाडा येतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आकडे आले. ८२,३०९ बायका. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली. शंभरांत जवळपास सतरा. पस्तिशी-चाळिशीतल्या, काही तर त्याच्याही आतल्या.

का काढली? पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलं की सोनोग्राफी, आणि मग ते ठरलेलं वाक्य: आत्ताच काढून टाका, पुढे कॅन्सर होईल. त्या वाक्याला कोणी पुरावा मागितला नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची होती, फडावर जायचं होतं.

एका शब्दाने हजारो बायकांची पोटं रिकामी केली. तोच शब्द आता डीएनएचा शिक्का मारून, छापील अहवालावर येणार.

जालना बीडला लागून आहे. ऊसतोडीला कोयता इथूनही जातो. परतूर-मंठ्याकडच्या वस्त्यांत पिशवी काढलेली बाई शोधायला दारोदार फिरावं लागत नाही. बीडमध्ये नंतर नियम आला की खासगी दवाखान्याने पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. नियम चांगला. पण उद्या रक्ताचा अहवालच ‘संशयित’ म्हणत असेल तर परवानगी नाकारणार कोण?

आणि आपल्याकडे आणखी एक मेख आहे. पोटाचा टीबी. त्यातही पोटात पाणी होतं, बाई खंगते, सीए-१२५ वाढतं, चित्र थेट अंडाशयाच्या कॅन्सरचं दिसतं. गोळ्यांनी बरा होणारा आजार, आणि पोट उघडल्यावर कळतं. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, अगदी साधी पाळीसुद्धा हे प्रथिन वाढवते. काही नव्या डीएनए तपासण्यांना याच प्रथिनाची जोड दिली जाते, हे वर लिहिलंच आहे.

मग पुरावा कसा असतो? बघायला लांब जायला नको.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ४९७ गावं. एका गटाची गर्भाशयमुखाच्या नमुन्यावर एचपीव्ही विषाणूची डीएनए तपासणी झाली. आयुष्यात एकदाच. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ३४ हजारांवर बायकांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू. न तपासलेल्या ३१ हजारांवर बायकांत ६४.

मृत्यू जवळपास निम्मे. याला म्हणतात पुरावा.

त्या चौसष्ट जणींचाही विचार करावा. त्यांना फक्त मोजलं गेलं. त्यावरून पुढे वैद्यकीय नीतीच्या वर्तुळात कडाक्याचा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्हीची डीएनए तपासणी ही पहिल्या पसंतीची म्हणून जगाला सांगितली. त्यामागच्या भक्कम पुराव्यांत मराठवाड्यातल्या या बायकांचा पुरावा आहे.

आणि मराठवाड्याला काय मिळालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत गर्भाशयमुखाची कोणतीही तपासणी कधीतरी झालेल्या दोघीही नाहीत.

जी डीएनए तपासणी आपल्या बायकांनी सिद्ध करून दिली ती गावात आली नाही. जी सिद्ध झालेली नाही तिच्या जाहिराती मात्र मोबाइलवर पोहोचल्या. पहिलीत नफा नाही, दुसरीत आहे. दुसरं कारण कोणाला सुचत असेल तर सांगावं.

आता यंत्राची सबबही उरलेली नाही. गोव्याच्या मोलबायोच्या ट्रूनॅट यंत्रावर टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यांत कधीपासून होते. त्याच यंत्रावर चालणाऱ्या एचपीव्ही संचाची पडताळणी २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्ससह तीन संस्थांनी पूर्ण केली. वाटूरच्या बाईला कॅन्सरपासून वाचवणारी डीएनए तपासणी हवी असेल तर ती ही आहे. तिच्यासाठी कोणी फ्लेक्स लावत नाही.

अंडाशयाचं काय मग? हात जोडून बसायचं?

मुळीच नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला या आजाराच्या सुमारे ४७ हजार नव्या रुग्ण आणि ३३ हजारांच्या आसपास मृत्यू. भारतीय बायकांत स्तन आणि गर्भाशयमुखानंतर हाच. बहुतेक जणी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात पोहोचतात. पण या आजाराला ‘मुका’ म्हणण्याची जी सवय लागली आहे, ती सोडावी. बाई बोलते. ऐकणारा नसतो.

परकराची नाडी नेहमीच्या गाठीला पुरत नाही. हातपाय वाळतात आणि पोट मात्र पुढे येतं. अर्ध्या भाकरीत पोट भरतं. ओटीपोटात ओढ लागते, लघवीला सारखं जावं लागतं. महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस, आणि हे सगळं वर्षभरातच नव्याने सुरू झालेलं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. बार्बरा गॉफ यांच्या गटाने ही लक्षणं मोजून मांडली. आपल्याकडे याला काय उत्तर मिळतं? गॅस. वायगोळा. ओवा खा. दोन महिने आम्लपित्ताच्या गोळ्या, मग सलाईन, मग दुसरा डॉक्टर, मग देवऋषी.

पन्नाशीच्या बाईला पहिल्यांदाच गॅसचा त्रास सुरू होतो आणि महिनाभर हटत नाही, तेव्हा तिला पोटाची सोनोग्राफी सांगायला डीएनएचं कोणतं यंत्र लागतं?

सोनोग्राफीला तालुक्याला नाहीतर जालन्याला जायचं. मजुरी बुडवायची, सोबत कोणीतरी हवं, आणि सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड कामाला येतं ते दवाखान्यात भरती झाल्यावर. निदानापर्यंतची वाट बाईने स्वतःच्या खर्चाने चालायची. बाई ती वाट पुढच्या महिन्यावर ढकलते. सोयाबीन निघू दे, लेकीचं बाळंतपण होऊ दे. घरात कोणी तिला ‘आजच चल’ म्हणतं का?

आणि रक्तातल्या डीएनएची एक तपासणी आहे जी या आजारात खरोखर कामाची आहे. तिची जाहिरात होत नाही, कारण ती सगळ्यांना विकता येत नाही.

बीआरसीए. ती कॅन्सर शोधत नाही. आई-बापाकडून आलेला जनुकातला दोष शोधते. आयुष्यात एकदा करायची. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत शंभरातल्या सुमारे ४४ जणींना अंडाशयाचा कॅन्सर होतो, बीआरसीए-२ मध्ये १७ जणींना. मुलंबाळं झाल्यावर, पहिलीत पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान आणि दुसरीत थोडं उशिरा, गर्भनलिका आणि अंडाशयं काढली तर हा धोका कमालीचा उतरतो. अँजेलिना जोली हिने २०१५ मध्ये केलं ते हेच.

म्हणजे पोटावरची शस्त्रक्रिया जीव वाचवते, ती इथे. आपण ती ऊसतोडणी करणाऱ्या हजारो बायकांची गरज नसताना केली, आणि जिला गरज आहे तिला साधं विचारलंही नाही की बाई, तुझ्या घरात कोणाला झाला होता का?

विचारलं तरी अर्धंच विचारतात. आई, मावशी, आजी. आत्याचं नाव कोणी काढत नाही. दोष बापाकडूनही तितकाच उतरतो. आत्या अंडाशयाच्या कॅन्सरने गेली असेल तर भाचीने कान टवकारायला हवेत. पण आत्या लग्न होऊन दुसऱ्या गावची झालेली, तिच्या आजाराची नोंद माहेरात कुठून असणार? आणि तरण्या पोरीची तपासणी म्हटलं की घरातले पहिले विचारतात, स्थळं परत जातील त्याचं काय? लपवलेला अहवाल पोरीला कोणत्या वयात कळवणार, हे ते सांगत नाहीत.

भारतीय रुग्णांच्या अभ्यासांत अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या साधारण चार-पाच जणींत एकीला हा दोष सापडतो. औषध निवडायलाही त्याचा उपयोग होतो. आणि एका रुग्णाचा अहवाल म्हणजे तिच्या बहिणी, मुली, भाच्या यांच्यासाठी वेळेवर मिळालेली सूचना. बहिणीला तोच दोष असण्याची शक्यता निम्मी.

लाखो निरोगी बायकांच्या दंडात सुई टोचण्यापेक्षा, निदान झालेल्या प्रत्येक बाईचं रक्त एकदा जनुकासाठी तपासा आणि तिच्या घरच्यांना बोलावून समजवा. खर्च कमी, घबराट कमी, आणि वाचणारे जीव खरे.

जालन्याच्या रुग्णाला जवळचं सरकारी ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. तिथे येणाऱ्या अंडाशयाच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तीन प्रश्न छापलेले असावेत. जनुक तपासणी सांगितली का? ती झाली का? बहिणींना, मुलींना निरोप गेला का? तपासणीचा खर्च सरकारने उचलावा. जालना जिल्ह्यात पाच आमदार आहेत. हा खर्च वर्षाला किती येईल, एवढा एक प्रश्न पुढच्या अधिवेशनात त्यांच्यापैकी कोण लेखी विचारणार आहे?